उजव्या सीटवर बसण्यापूर्वी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका भगिनींनी लिहिले आहे. वय ४५, माहेर सांगलीचे, अमेरिकेत येऊन १८ वर्षे झाली, तिथले नागरिकत्वही मिळाले आहे. त्या एका सार्वजनिक शाळेत नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हौसेने विमान चालवायला सुरुवात केली, प्रायव्हेट पायलटचे लायसन्स मिळवले आणि पाठोपाठ इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचे न दिसताही उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रताही घेतली. आज त्यांच्या लॉगबुकमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, २१४ तास आहेत. आता त्यांना उड्डाण-प्रशिक्षक व्हावेसे वाटते. यजमानांचे म्हणणे असे, की हे काम एअरलाइनमध्ये जाण्यासाठी तास भरणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांचे आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी १५०० तास भरून कोणती एअरलाइन घेणार? बाईंना हे म्हणणे पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. त्यातच शिकाऊ काळात एकदा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल एकदम घटते त्या अवस्थेचा, सराव करताना विमानाचा डावा पंख अचानक खाली गेला होता. तेव्हापासून त्या स्टॉलचा सराव टाळत आल्या आहेत, आणि प्रशिक्षक होण्यासाठी स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गोल फिरत खाली येणे, करावाच लागतो हे कळल्यापासून त्यांची झोप उडाली आहे. फ्लोरिडातील एका संस्थेचा १४ दिवसांचा प्रशिक्षक अभ्यासक्रम उन्हाळ्याच्या सुटीत करावा का, पुढच्या वर्षी शाळेचा राजीनामा द्यावा का, आणि मुळात आपण या कामाला लायक आहोत का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

नमस्कार.

तुमच्या पत्रात १५०० तासांचा उल्लेख चार ठिकाणी आला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तो आकडा प्रशिक्षकासाठी नाही. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेले कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान बफेलोजवळच्या क्लॅरेन्स सेंटर येथे एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक अशी ५० माणसे गेली. वेग फार कमी झाल्याची सूचना देण्यासाठी विमान चालवण्याचा दांडा थरथरू लागला, तेव्हा कॅप्टनने विमानाचे नाक खाली करण्याऐवजी दांडा स्वतःकडे ओढला, विमान स्टॉल झाले आणि त्यातून सावरले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही, काही सवलती सोडल्यास, १५०० तासांची अट लागू झाली. त्याआधी २५० तासांवर कमर्शियल, म्हणजे मोबदला घेऊन विमान चालवण्याचे, लायसन्स मिळवणाऱ्या मुलांपुढे मधले १२५० तास कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर शिकवण्यात शोधले. तुमच्या यजमानांना विमानतळावर जे दिसते ते खोटे नाही. तिथली बरीचशी प्रशिक्षक मंडळी खरोखरच पुढच्या वाटेवरची प्रवासी आहेत. पण त्या वाटेवर पुष्कळ लोक चालतात, एवढ्यावरून ती वाट फक्त त्यांचीच ठरत नाही. एअरलाइनच्या वैमानिकाला ६५ व्या वर्षी थांबावे लागते. प्रशिक्षकाला वरची वयोमर्यादाच नाही. तुम्हाला एअरलाइनमध्ये जायचे आहे असे तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. मग ज्या नोकरीसाठी तुम्ही अर्जच करणार नाही, तिच्या अटी मनावर घेऊन का बसायचे?

आता खऱ्या अटी पाहू. एफएए, म्हणजे अमेरिकेची नागरी विमान वाहतूक यंत्रणा, प्रशिक्षकाकडून ज्या गोष्टी मागते त्यांची यादी पुष्कळांना वाटते त्याहून लहान आहे. वय किमान १८ हवे. इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता, समजता आले पाहिजे. तुमच्या उच्चाराची तुम्ही जी चिंता केली आहे तिला इथे काही आधार नाही, कारण रेडिओवर तुमचे बोलणे समजते याची खातरजमा तुमच्या पहिल्या परीक्षेतच झालेली आहे. कमर्शियल किंवा त्यावरचे लायसन्स हवे, आणि विमानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंगही हवे. ज्या प्रकारच्या विमानात शिकवायचे, त्या प्रकारात कमांडमधील, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असतानाचे, किमान १५ तास हवेत. अध्यापनाच्या मूलतत्त्वांची ५० प्रश्नांची आणि उड्डाणविषयक १०० प्रश्नांची अशा दोन लेखी परीक्षा असतात. दोन्हींत ७० टक्के गुण लागतात आणि निकाल २४ महिने ग्राह्य धरला जातो. स्पिनचे प्रशिक्षण घेतल्याची नोंद सहीनिशी लॉगबुकमध्ये हवी. आणि शेवटी परीक्षकासमोर तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची परीक्षा, जिला सगळे चेकराइड म्हणतात. दोन इंजिनांच्या विमानाचे रेटिंग या यादीत नाही. प्रथम श्रेणीचे मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणीचे प्रमाणपत्रही नाही: प्रशिक्षकाला मोबदला मिळतो तो शिकवण्याचा, वैमानिकाचे काम करण्याचा नव्हे, असे एफएए मानते, त्यामुळे तुमच्याकडे आज असलेले तृतीय श्रेणीचे मेडिकलच पुरते. चाळिशीनंतर ते २४ महिने चालते, एवढे लक्षात ठेवा.

याचा अर्थ असा, की तुमच्यापुढचा पहिला टप्पा प्रशिक्षकाचा नसून कमर्शियलचा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आला आहे. कमर्शियलसाठी लागणाऱ्या २५० तासांमधून तुमचे २१४ वजा केले की ३६ तास उरतात. ते कसे तरी भरून टाकू, कॉफी प्यायला शेजारच्या विमानतळावर जाऊन येऊ, असा विचार पुष्कळ जण करतात आणि नंतर पुन्हा पैसे खर्च करतात. कारण नियम नुसते तास मोजत नाही. कोणते तास, हेही तो विचारतो. एकटीने केलेला किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास हवा, त्यात तीन ठिकाणी उतरणे आणि त्यांतले एक ठिकाण निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत किमान २५० सागरी मैल दूर असणे आवश्यक आहे. रात्रीचे पाच तास हवेत, ज्यात कंट्रोल टॉवर चालू असलेल्या विमानतळावर १० वेळा उड्डाण आणि १० वेळा अवतरण व्हायला हवे; तुम्हाला ट्रेंटन-मर्सर किंवा मॉरिस्टाउनचा विमानतळ जवळ आहे, मात्र टॉवर रात्री किती वाजता बंद होतो ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. प्रशिक्षकासोबतचे २० तास हवेत. त्यांतील १० तास इन्स्ट्रुमेंटच्या प्रशिक्षणाचे असतात आणि ते तुमच्या रेटिंगच्या वेळी बहुधा झालेले असतील. दुसरे १० तास घडीच्या चाकांच्या गुंतागुंतीच्या विमानात किंवा आधुनिक पडदे व ऑटोपायलट असलेल्या विमानात करायचे असतात. २०१८ पासून ही दुसरी सोय झाल्यामुळे जुनी, भाड्याने मिळायला अवघड असलेली विमाने शोधत फिरावे लागत नाही. म्हणून आधी एका संध्याकाळी लॉगबुक घेऊन बसा, कमर्शियलच्या नियमातील प्रत्येक अट कागदावर डावीकडे लिहा आणि तिच्यासमोर तुमच्या उड्डाणाची तारीख लिहा. जिथे तारीख सापडणार नाही, तिथे तुमचे ३६ तास खर्च करायचे. गणिताच्या शिक्षिकेला हे काम माझ्याहून चांगले जमेल.

कमर्शियलच्या चेकराइडमधील कसरतींविषयी एकच सांगतो. इंजिन मोकळे सोडून १८० अंशांत वळून ठरवलेल्या जागी उतरायचे, त्या जागेच्या अलीकडे अजिबात नाही आणि पलीकडे २०० फुटांच्या आत, ही कसरत पुष्कळांना अडवते. ती पाठ करून येत नाही. वारा रोज वेगळा असतो, म्हणून आठवड्यातून थोडी थोडी, पुष्कळ आठवडे करावी लागते.

यानंतर एक गोष्ट, जी तुम्हाला ठाऊक नसावी असे पत्रावरून दिसते. तुमच्याकडे राज्याने दिलेले शिक्षकाचे चालू प्रमाणपत्र आहे. ज्याला राज्य, काउंटी किंवा शहर यांच्याकडून सातवी किंवा त्यापुढच्या इयत्तांना शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळालेले आहे, त्याला अध्यापनाच्या मूलतत्त्वांची ती ५० प्रश्नांची लेखी परीक्षा एफएए माफ करते. मान्यताप्राप्त महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनाही हीच सवलत आहे. म्हणजे ‘आपण लायक आहोत का’ या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नियमातच लिहून ठेवलेले आहे, आणि ते तुमच्या बाजूचे आहे.

तरीही तो विषय वाचल्याशिवाय राहू नका, असे मी आग्रहाने सांगेन. माफी लेखी परीक्षेची आहे. चेकराइडमध्ये परीक्षक सहसा त्याच विषयाने सुरुवात करतो. शिवाय त्यातील काही गोष्टी कॉकपिटमध्ये वेगळ्याच अर्थाने समोर येतात. शिकण्याच्या चार पायऱ्या तिथे सांगितल्या आहेत: पाठ म्हणता येणे, समजणे, वापरता येणे, आणि एका प्रसंगातले दुसऱ्या प्रसंगाशी जोडता येणे. वर्गात एखादी मुलगी सूत्र नुसते पाठ म्हणते आहे हे तुम्हाला दोन मिनिटांत कळते. विमानात मात्र पाठांतर कितीतरी दिवस कौशल्यासारखे दिसत राहते, कारण रोज तीच धावपट्टी, तेच वळण, तोच वेग. ज्या दिवशी वारा आडवा येतो त्या दिवशी ते उघडे पडते. दुसरी गोष्ट, पहिल्यांदा जे शिकवले जाते ते सर्वांत घट्ट बसते, हे तत्त्व. पहिल्या तासाला तुम्ही रडरकडे, म्हणजे पायांनी चालवायच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूकडे, दुर्लक्ष केले, तर चाळिसाव्या तासाला तो विद्यार्थी पाय जमिनीवर टेकवून बसलेला असेल, आणि ती सवय मोडायला तुम्हाला शिकवण्याच्या तिप्पट वेळ लागेल.

एक मोठा फरक मात्र आहे, आणि तुमच्या अनुभवामुळेच तुम्ही त्याला बळी पडण्याची शक्यता आहे. चांगला गणिताचा शिक्षक फळ्यावरची चूक लगेच पुसत नाही. मुलाला शेवटापर्यंत जाऊ देतो, उत्तर जुळत नाही हे त्याचे त्यालाच कळू देतो. विमानात ३००० फुटांवर तुम्ही हे करू शकता आणि करायलाच हवे. जमिनीपासून ३० फुटांवर नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, प्रत्येक दिवसासाठी एक रेषा असते, आणि ती ओळखणे हेच आमचे काम. मी प्रशिक्षक झालो तेव्हा माझी चूक उलट्या बाजूची होती. एका विद्यार्थ्याला मी जवळजवळ दोन महिने एकही अवतरण पूर्ण करू दिले नाही. शेवटच्या क्षणी माझे हात दांड्यावर जायचेच. एके दिवशी उतरल्यावर तो शांतपणे म्हणाला, “सर, आजपर्यंत मी एकदाही विमान उतरवलेले नाही, ते तुम्हीच उतरवले आहे.” तो बरोबर होता, आणि त्याचे दोन महिन्यांचे पैसे माझ्या भीतीपायी गेले होते. त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे: नियंत्रण घ्यायचे तर स्पष्ट बोलून घ्यायचे, “माझ्याकडे”, त्याने “तुमच्याकडे” म्हणायचे, मी पुन्हा “माझ्याकडे” म्हणायचे. गुपचूप हात लावायचा नाही. असे बोलावे लागले, की आपण किती वेळा उगाच हस्तक्षेप करतो ते आपल्याच कानांना ऐकू येते.

आता स्पिन. तुम्ही लिहिले आहे, “ज्या व्यक्तीला स्टॉलची भीती वाटते तिने दुसऱ्याला शिकवू नये, असे मला वाटते.” या वाक्यात भीती आणि अज्ञान या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. त्या दिवशी तुमच्या विमानाचा डावा पंख का पडला, हे तुम्हाला त्या दिवशी कोणी नीट समजावून सांगितले होते का? पत्रात तसे दिसत नाही. ‘पुन्हा कर’ एवढेच सांगितले गेले, आणि तुम्ही पुन्हा करणे टाळले. अमेरिकेत १९४९ मध्ये प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेतून स्पिन काढून टाकला गेला. आज ज्याच्यासाठी स्पिनचे प्रशिक्षण सक्तीचे आहे असा वैमानिक म्हणजे प्रशिक्षक. तेव्हा तुमच्या आसपासच्या शंभर हौशी वैमानिकांपैकी बहुतेकांनी स्पिन कधी पाहिलेलाच नाही. तुम्हाला जे माहीत नाही ते त्यांनाही माहीत नाही. तुमच्या बाबतीत ते एका प्रसंगामुळे समोर आले, इतकेच.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी लिहितो: पंख समोरून येणाऱ्या हवेशी फार मोठा कोन करू लागला, की हवा त्याच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहू शकत नाही आणि उचल एकदम घटते. हे दोन्ही पंखांवर सारखेच घडले, तर नाक सरळ खाली येते. पण त्याच क्षणी नाक थोडे जरी डावीकडे वळत असेल, म्हणजे उजव्या पायाने रडर पुरेसा दाबलेला नसेल, तर डावा पंख जास्त खोल स्टॉल होतो आणि खाली जातो. पंख पडताना बघून माणूस स्वाभाविकपणे दांडा उजवीकडे फिरवतो. त्याने खालच्या पंखाचा कोन आणखी वाढतो आणि तो आणखी पडतो. पूर्ण ताकदीवर स्टॉलचा सराव करताना इंजिन आणि पंखा मिळून नाक डावीकडेच ओढतात, म्हणून बहुतेकांचा डावाच पंख पडतो. तुमच्या त्या प्रसंगात गूढ असे काही नव्हते. तुमचा उजवा पाय उशिरा पोहोचला, इतकेच झाले असावे.

तिथेच सावरले नाही तर विमान चक्राकार जिन्यासारखे गोल फिरत खाली येऊ लागते, तो स्पिन. लहान विमानात पूर्ण स्पिनची एक फेरी साधारण तीन सेकंदांची असते आणि तेवढ्यात सुमारे ५०० फूट उंची जाते. बाहेर येण्याची रीत चार पायऱ्यांची आहे आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे: थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारी कळ) पूर्ण मागे, एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) मध्यभागी, फिरण्याच्या विरुद्ध दिशेचा रडर शेवटपर्यंत दाबायचा, मग दांडा ठामपणे पुढे, स्टॉल तुटेपर्यंत. फिरणे थांबले की रडर मध्यभागी आणायचा आणि नाक हळूहळू वर घ्यायचे. विमानाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचे ऐकायचे. ज्या विमानाला स्पिनची मान्यता आहे त्याच विमानात, मान्यतेच्या वजनमर्यादेत आणि भरपूर उंचीवर हे करायचे असते. सेस्ना १७२ ला ती मान्यता मागची सीट रिकामी ठेवून, युटिलिटी वर्गाच्या, म्हणजे कमी वजनाच्या, मर्यादेतच आहे. सर्टिफिकेटसाठी लागणारा स्पिन प्रशिक्षकासोबत करताना पॅराशूट बांधण्याची सक्ती नाही. आणि तुमच्या मनातली आणखी एक धास्ती दूर करतो: लॉगबुकमध्ये स्पिनची सही असेल, तर चेकराइडमध्ये परीक्षक सहसा प्रत्यक्ष स्पिन करायला लावत नाही. स्टॉल-स्पिनविषयीच्या उणिवेवरून कोणी नापास झाला, तर पुनर्परीक्षेत मात्र तो करून दाखवावा लागतो.

पण सही मिळवण्यापुरता स्पिन करू नका, ही माझी विनंती आहे. कोलगनच्या कॉकपिटमध्ये त्या रात्री जे घडले, त्याच्या मुळाशी दांडा ओढणारे हात होते, आणि हात भीतीने ओढले जातात. तुमच्या विद्यार्थ्याचा पंख कधीतरी पडणारच आहे. त्या क्षणी उजव्या सीटवर, म्हणजे प्रशिक्षकाच्या जागेवर, बसलेली व्यक्ती ओरडते की शांतपणे पाय दाबते, यावर तो पुढची चाळीस वर्षे स्टॉलकडे कसा पाहील हे ठरेल. तुम्हाला स्वतःला ही भीती वाटलेली आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर तुम्ही लवकर ओळखाल. जो कधी घाबरलाच नाही त्याला ते जमायला वेळ लागतो. मात्र त्यासाठी आधी ती भीती स्वतः पार करावी लागेल.

१४ दिवसांच्या अभ्यासक्रमाबद्दल. असे अभ्यासक्रम वाईट असतात असे मी म्हणणार नाही. ज्याची तयारी झालेली आहे त्याला ते उपयोगी पडतात. पण तुमचा समज असा दिसतो, की तिथे जाऊन प्रशिक्षक ‘होता’ येते. चेकराइडची तोंडी परीक्षा अनेक तास चालू शकते, आणि तीत परीक्षक तुम्हाला प्रश्न विचारतो त्याहून जास्त वेळ तो विद्यार्थी होऊन बसतो: “मी आज पहिल्यांदा विमानात बसणार आहे, मला सांगा विमान वळते कसे.” त्यासाठी प्रत्येक विषयाच्या पाठाचे टाचण स्वतःच्या हाताने तयार केलेले असावे लागते. विकत मिळणारी टाचणे आणून चालत नाही असे नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात. दुसऱ्याच्या टाचणावरून घेतलेला तास कसा होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. हे काम दोन आठवड्यांत होत नाही, घरच्या टेबलावर एका हिवाळ्यात होते. तसेच उजव्या सीटवरून उडणे अंगवळणी पडायला वेळ लागतो: थ्रॉटल डाव्या हातात येतो, दांडा उजव्या, उपकरणे तिरकी दिसतात, आणि धावपट्टीची मधली रेषा आपण समजतो तिथे नसते. शिवाय हे सगळे करताना बोलायचेही असते. म्हणून माझा सल्ला असा, की कमर्शियलची तयारी चालू असतानाच, तुमच्या प्रशिक्षकाच्या संमतीने, शेवटचे काही तास उजव्या सीटवरून करा. उड्डाणविषयक लेखी परीक्षा आणि टाचणे हिवाळ्यात संपवा. आणि मग उन्हाळ्यात वाटल्यास छोटा अभ्यासक्रम घ्या. फ्लोरिडाला जाण्याची गरज तेव्हा कदाचित उरणारही नाही.

कुणाकडे शिकावे हेही तपासावे लागते. नव्या प्रशिक्षकाला घडवण्याचा अधिकार प्रत्येक प्रशिक्षकाला नसतो. तो मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे प्रशिक्षक होऊन किमान २४ महिने झालेले असणे आणि उड्डाणाचे किमान २०० तास शिकवलेले असणे. हे थेट विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. आणखी एक विचारा: “तुम्ही तयार केलेले प्रशिक्षक आज कुठे शिकवतात?”

राजीनाम्याबाबत मी स्पष्टच लिहितो: देऊ नका, निदान पहिली दोन वर्षे तरी नाही. नव्या प्रशिक्षकाचे उत्पन्न विद्यार्थ्यांवर आणि हवामानावर अवलंबून असते, आणि न्यू जर्सीचा जानेवारी तुम्हाला माहीत आहे. शाळेचे शनिवार-रविवार आणि उन्हाळा एवढा वेळ चार-पाच विद्यार्थी नीट घडवायला पुरतो. खरे तर हौशी विद्यार्थ्यांची जी सर्वांत मोठी तक्रार असते, की दर सहा महिन्यांनी प्रशिक्षक एअरलाइनला निघून जातो आणि नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते, तिचे उत्तर तुमच्यासारखी व्यक्ती आहे, जिला कुठेही जायचे नाही. हे तुमच्या यजमानांनाही सांगा. त्यांचा प्रश्न विरोधातून आलेला आहे असे मला वाटत नाही. खर्च किती, वेळ किती आणि धोका किती हे त्यांना कोणी मांडून दाखवलेले नाही. लॉगबुकची ती यादी तयार झाली की ती त्यांच्यासमोरच ठेवा, आणि भाड्याच्या विमानात शिकवणाऱ्या प्रशिक्षकासाठी वेगळा विमा असतो, त्याची चौकशी दोघांनी मिळून करा.

सहीविषयी मात्र घरात बोलून ठेवा, कारण या कामाचा भार तिथे आहे. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने पाठवण्याआधी त्याची लेखी चाचणी तुम्हाला घ्यावी लागते, मग त्याच्या लॉगबुकमध्ये तुमची सही लागते, आणि ती फक्त ९० दिवस चालते. कोणाला एकट्याने उडण्यासाठी आणि कोणाला परीक्षेसाठी सही दिली, याची नोंद तीन वर्षे जपावी लागते. चोवीस तासांत आठ तासांपेक्षा जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही. डिसेंबर २०२४ पासून प्रशिक्षकाच्या सर्टिफिकेटवर मुदत संपण्याची तारीख छापली जात नाही, तरी दर २४ महिन्यांनी आपण या कामात आहोत हे विद्यार्थ्यांच्या निकालांतून, उजळणी वर्गातून किंवा दुसऱ्या मान्य मार्गाने दाखवावे लागतेच. नियम एवढेच सांगतो. पहिल्या विद्यार्थ्याला मी एकट्याने पाठवले तेव्हा धावपट्टीच्या कडेला उभे राहून त्याचे तीन फेरे पाहताना माझ्या हाताला किती घाम आला होता, हे नियमात नाही. ते तसेच व्हायला हवे, असे मला आजही वाटते.

अशीच पत्रे लिहिणाऱ्या दोन प्रकारच्या वाचकांसाठी इथेच थोडे. विद्यार्थी-व्हिसावर अमेरिकेत शिकणाऱ्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावे, की प्रशिक्षकाचे सर्टिफिकेट मिळणे आणि तिथे पगारी काम करण्याची परवानगी मिळणे या स्वतंत्र गोष्टी आहेत. फी भरण्याआधी दुसरीची लेखी खात्री करून घ्यावी. आणि जे परत येऊन गोंदिया, बारामती किंवा नागपूरला शिकवण्याचा विचार करतात, त्यांचे अमेरिकी सर्टिफिकेट इथे आपोआप चालत नाही. भारतात डीजीसीएचे, म्हणजे इथल्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेचे, स्वतःचे लायसन्स लागते आणि प्रशिक्षकाची वाट दोन टप्प्यांची आहे, आधी सहायक उड्डाण-प्रशिक्षक आणि अनुभवानंतर उड्डाण-प्रशिक्षक. अमेरिकेत शिकवलेले तास अनुभव म्हणून मोलाचे असतात, पण परीक्षा इथल्या द्याव्या लागतात.

तुमच्याकडे परत येतो. कमर्शियलचे तास, हिवाळ्यातला अभ्यास, उन्हाळ्यातले उड्डाण या सगळ्याआधी एक गोष्ट करा, आणि तिच्यासाठी थांबू नका. स्पिन नियमितपणे शिकवणारा प्रशिक्षक शोधा. कसरतींची विमाने असलेल्या शाळेत असा माणूस बहुधा भेटतो. पहिला तास जमिनीवर मागा, हातात विमानाची लहान प्रतिकृती घेऊन, आणि तुमचा तो जुना प्रसंग त्याला जसाच्या तसा सांगा. विमानात बसल्यावर पहिला स्पिन त्यालाच करू द्या. तुम्ही हात मांडीवर ठेवून फक्त बाहेर पाहा, फेऱ्या मोजा आणि त्याच्या पायांकडे लक्ष द्या. दुसऱ्यात तुमचे पाय त्याच्या पायांबरोबर रडरवर ठेवा. तिसरा तुमचा.